दात्याची इच्छा आणि जनतेचा हक्क

(पक्षाच्या अभ्यासवर्गात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एखाद्या धनिकाने मृत्युपत्रात किंवा बक्षीसपत्रात लिहून ठेवलेल्या इच्छेची चिंता समाजवादी कार्यकर्त्याने का वाहावी, असा प्रश्न आजच्या विषयाचे नाव ऐकताच अनेकांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. संपत्तीचा वारसा हा विषमतेचा एक मोठा उगम आहे, ही समाजवादी विचाराची जुनी मांडणी. जिवंत माणसाच्या जमिनीवरील सत्तेलाही मर्यादा असावी, असा आग्रह धरणाऱ्या चळवळीने मेलेल्या माणसाची इच्छा पिढ्यान्‌पिढ्या पाळण्याचा पुरस्कार करावा, हे वरवर पाहता विसंगत दिसते. शिवाय दानधर्माविषयी या चळवळीच्या मनात एक साशंकता नेहमीच राहिली आहे. कामगाराच्या मजुरीतून कापलेले पैसे बागेच्या रूपाने परत करून नाव कमवावे, हा दातृत्वाचा प्रकार इतिहासात काही थोडा आढळत नाही.

तरीही या विषयाचा विचार केला पाहिजे, आणि तो भावनेच्या पातळीवर न करता हिताहिताच्या पातळीवर केला पाहिजे. सार्वजनिक उद्यानासाठी दिलेली जमीन दानाच्या क्षणी बाजारातून बाहेर पडते. त्या क्षणापासून तिचा लाभ घेणारा जनसमुदाय हाच त्या व्यवहारातील खरा पक्ष ठरतो. पुढे ती जमीन कोणी गिळंकृत करू पाहिले, तर त्या जनसमुदायाच्या हाती बहुधा एकच कागद असतो, आणि तो म्हणजे दात्याने लिहून ठेवलेली अट. म्हणून दात्याच्या इच्छेचे रक्षण हे दात्याच्या मोठेपणासाठी करावयाचे नसून, त्या इच्छेच्या आश्रयाने उभ्या असलेल्या लोकांच्या हक्कासाठी करावयाचे आहे. मात्र याच कारणामुळे त्या आदराला एक मर्यादाही आहे. ती कोठे येते, हे आज मुख्यतः पाहावयाचे आहे.

एका मोठ्या दानाची कहाणी

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरातील ग्रिफिथ पार्क हे या विषयाचे ठळक उदाहरण. वेल्समध्ये जन्मलेला आणि खाणींच्या व्यवहारात पैसा मिळवलेला ग्रिफिथ जे. ग्रिफिथ याने १६ डिसेंबर १८९६ रोजी ३,०१५ एकर जमीन नाताळची भेट म्हणून त्या शहराला दिली. ही जागा सामान्य, कष्टकरी माणसाच्या विश्रांतीसाठी असावी, असा त्याचा स्पष्ट हेतू होता. तेव्हा लॉस एंजेलिस हे काही आजचे महानगर नव्हते. शहराबाहेरच्या डोंगराळ जमिनीचे मोल फारसे कोणाला वाटलेही नसेल. आज ते उद्यान भर घालून चार हजार एकरांहून मोठे झाले आहे.

दाता म्हणून ग्रिफिथ हा काही संतपुरुष नव्हता. १९०३ साली त्याने आपल्या पत्नीवर गोळी झाडली. ती बचावली, पण डोळा गमावून बसली. ग्रिफिथला तुरुंगवास झाला. सुटून आल्यावर त्याने उद्यानात वेधशाळा बांधण्यासाठी एक लाख डॉलर देऊ केले, तेव्हा गुन्हेगाराचा पैसा शहराने घेऊ नये, असा विरोध झाला आणि ती देणगी अडून राहिली. १९१९ साली तो मरण पावला. त्यानंतर मृत्युपत्रातील निधीतून वेधशाळा उभी राहिली आणि १९३५ साली ती लोकांसाठी खुली झाली. सर्वसामान्य माणसाला दुर्बिणीतून आकाश पाहता यावे, ही त्याची इच्छा. वेधशाळेच्या इमारतीत आजही प्रवेशमूल्य नाही.

या हकिकतीतून पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, दानाचा हेतू आणि दात्याचे चारित्र्य यांची गल्लत करण्याचे कारण नाही. दाता पत्नीवर गोळी झाडणारा होता, म्हणून लाखो माणसांचा उद्यानावरील हक्क कमी होत नाही. त्याच न्यायाने, दाता पुण्यशील होता म्हणून तो वाढतही नाही. जमीन लोकांची झाली, तिथेच तो हिशेब संपला.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एवढे मोठे, एवढे गाजलेले दान, पण त्याचीही तोडमोड झालीच. नदीकाठच्या पूर्वेकडील बाजूने द्रुतगती महामार्ग गेला आणि उद्यानाची किनार त्यात गेली. दात्याच्या मुलाने विरोध केला, पण मार्ग थांबला नाही. उद्यानातील टोयॉन नावाच्या दरीत तर महानगराचा कचरा टाकण्यात येऊ लागला. १९५७ पासून १९८५ पर्यंत तो टाकला जात होता. हे करणारे कोणी भूमाफिया नव्हते. लोकांनी निवडून दिलेल्या आणि लोकांच्याच नावाने कारभार करणाऱ्या संस्था होत्या. रस्ता सार्वजनिक आणि कचऱ्याची विल्हेवाटही सार्वजनिकच, असा त्यांचा युक्तिवाद. सार्वजनिक जमिनीवरील बहुतेक आक्रमणे सार्वजनिक हिताचाच पोशाख घालून येतात, हे भारतातील कार्यकर्त्यालाही नवे वाटणार नाही.

बाजारभावाचा हिशेब

उद्यानाची जमीन दुसऱ्या कामाला लावताना जो अर्थशास्त्रीय युक्तिवाद केला जातो, तो नीट तपासला पाहिजे. नगरपालिकेचा हिशेबनीस म्हणतो, कोट्यवधी रुपयांची जागा नुसती पडून आहे, उत्पन्न शून्य आणि वर देखभालीचा खर्च. ती विकली वा भाड्याने दिली, तर त्या पैशातून दहा कामे होतील.

या हिशेबात तीन चुका आहेत. पहिली चूक अशी की, बाजारभाव हा विकत घेण्याची ऐपत असलेल्या माणसाच्या इच्छेचे माप आहे. उद्यानात संध्याकाळी येणारी चाळीतील म्हातारी, अभ्यासाला जागा नसलेला विद्यार्थी, धुणीभांडी आटोपून तासभर झाडाखाली टेकणारी बाई यांची गरज त्या मापात उतरतच नाही, कारण त्यांच्यापाशी देण्यास पैसा नाही. ज्यांच्या घरी अंगण आहे आणि सुट्टीत जाण्यासाठी थंड हवेचे ठिकाण आहे, त्यांचे उद्यानावाचून फारसे अडत नाही. म्हणून उद्यानाचे उत्पन्न शून्य आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा गरिबाच्या गरजेची किंमत शून्य धरलेली असते.

दुसरी चूक कालमानाची. उद्यानावर इमारत उभी राहिली की, ती पाडून पुन्हा उद्यान झाल्याची उदाहरणे विरळा. उलट मोकळी जागा मोकळी ठेवली, तर पुढच्या पिढीला निवड करण्याची मुभा उरते. जमिनीचा पुरवठा वाढत नाही, आणि शहराची वस्ती मात्र वाढत जाते. त्यामुळे आज विकलेल्या एका एकराच्या बदल्यात तीस वर्षांनी तेवढीच जागा शहराच्या मध्यभागी विकत घेणे नगरपालिकेला कोणत्याही अंदाजपत्रकात शक्य होणार नाही.

तिसरी चूक विश्वासाच्या बाबतीतील. दिलेला शब्द मोडण्याचीही एक किंमत असते, ती जमाखर्चाच्या वहीत दिसत नाही इतकेच. एका दात्याची अट मोडल्याचे गावाला कळले की, दुसरा दाता हात आखडता घेतो. ज्या नगरपालिकेने दानाच्या जागेवर दुकानगाळे काढले, तिला पुढील पन्नास वर्षे कोणी वाचनालयासाठीही गुंठाभर जागा देणार नाही.

या तिन्ही चुका हिशेबनिसाच्या अज्ञानातून होतात, असे मानण्याचे कारण नाही. उद्यानाभोवतीच्या घरांच्या किमतीत उद्यानाचे मोल आधीच मिसळलेले असते, हे बांधकाम व्यावसायिकाला पक्के ठाऊक असते. विक्रीच्या जाहिरातीत ‘बागेसमोर’ हा शब्द तो फुकट वापरत नाही. बागेतून मिळणारा लाभ खाजगी मालमत्तेत जमा व्हावा आणि बागेचा खर्च तेवढा सार्वजनिक खात्यावर पडावा, ही सध्याची रीत आहे. त्यापुढची पायरी म्हणजे बागच ताब्यात घेणे. भूखंडाचे श्रीखंड हा शब्दप्रयोग मराठी माणसाने उगाच रूढ केलेला नाही.

इच्छा अन्यायाची असेल तर

इथवर दात्याच्या इच्छेची बाजू मांडली. आता तिची मर्यादा. यासाठी पुन्हा अमेरिकेतीलच, पण दक्षिणेतील जॉर्जिया राज्याच्या मेकन शहरात गेले पाहिजे.

ऑगस्टस बेकन हे त्या राज्याचे सिनेटर. १९११ साली केलेल्या मृत्युपत्रात त्यांनी आपली जमीन शहराला विश्वस्त या नात्याने, उद्यानासाठी ठेवली. मात्र हे उद्यान केवळ गोऱ्या स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी असावे, अशी अट त्यांनी घातली. १९१४ साली त्यांचा मृत्यू झाला. पुढे शहराने ते उद्यान विकसित केले, सांभाळले आणि अनेक वर्षे अटीप्रमाणे कृष्णवर्णीयांना त्यापासून दूर ठेवले. काळ बदलला. नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यापुढे सरकारी संस्थेला वर्णभेद पाळणे अशक्य झाले आणि शहराने उद्यान सर्वांना खुले केले. तेव्हा व्यवस्थापक मंडळाने न्यायालयात धाव घेतली. शहराने विश्वस्तपद सोडले आणि त्याच्या जागी खाजगी विश्वस्त नेमण्यात आले. खाजगी विश्वस्तांना भेदभाव करण्याची मोकळीक राहील, अशी त्यामागची युक्ती होती.

१९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही युक्ती अमान्य केली. नगराच्या जीवनात मिसळून गेलेले उद्यान केवळ विश्वस्त बदलल्याने खाजगी होत नाही, असा त्या निकालाचा आशय. इथवर न्याय झाला. परंतु पुढे काय घडले, ते पाहण्यासारखे आहे. जॉर्जियाच्या न्यायालयाने असे ठरवले की, वर्णभेदाची अट हा दात्याच्या हेतूचा गाभाच होता. ती पाळणे आता अशक्य आहे, म्हणून विश्वस्त व्यवस्थाच संपुष्टात आली आहे, आणि जमीन दात्याच्या वारसांकडे परत गेली पाहिजे. १९७० साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने हा निर्णय कायम ठेवला. न्यायमूर्ती डग्लस आणि ब्रेनन यांनी विरोधी मत नोंदवले. उद्यान वारसांच्या हाती गेले आणि तिथे पुढे बाजारसंकुल उभे राहिले.

या प्रकरणाची विटंबना अशी की, कृष्णवर्णीयांना प्रवेश द्यावा लागेल म्हणून गोऱ्यांचेही उद्यान नाहीसे झाले. दात्याच्या इच्छेचा आदर केल्याचा दावा झाला, पण सिनेटर बेकन यांनी बाजारसंकुलासाठी जमीन ठेवली नव्हती हे उघड आहे. त्यांच्या मनात दोन गोष्टी होत्या. एक उद्यान आणि दुसरी भेदभाव. न्यायालयाला त्यांपैकी एकच टिकवता येत होती. टिकवावयास हवे होते उद्यान. भेदभाव आणि उद्यान दोन्ही जाऊन लाभ झाला तो वारसांचा.

इंग्रजी न्यायशास्त्रात ‘सी प्रे’ नावाचे एक तत्त्व आहे. त्याचा अर्थ, शक्य तितके जवळ. धर्मादाय हेतू शब्दशः पाळणे अशक्य झाले, तर त्याच्या जवळात जवळ जाणाऱ्या हेतूसाठी ती मालमत्ता वापरावी, ती परत खाजगी हाती जाऊ देऊ नये. मेकनच्या प्रकरणात हे तत्त्व लावता आले असते. ते न लावण्याचा निर्णय हा निवडीचा भाग होता, अपरिहार्य मुळीच नव्हता.

भारताच्या दृष्टीने हा धडा दूरचा नाही. पाणवठे, देवळे, धर्मशाळा यांच्या बाबतीत दात्याच्या नावाने, रूढीच्या नावाने माणसांना बाहेर ठेवण्याचा इतिहास या भूमीत आहे. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला तो याच प्रश्नावर. तळे नगरपालिकेचे आणि बंदी मात्र माणसांना. आज संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक निधीतून चालणाऱ्या वा सर्वसाधारण जनतेला वाहिलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि विसाव्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून अटकाव करण्यास मनाई केली आहे. तेव्हा समाजवादी कार्यकर्त्यापुढील नियम सरळ आहे. दात्याच्या इच्छेतील जो भाग जमीन लोकांसाठी खुली ठेवतो, तो पाळावयाचा. जो भाग लोकांपैकी काहींना बाहेर ठेवतो, तो रद्द समजावयाचा. आणि तो रद्द झाला या सबबीवर पहिला भाग बुडू द्यावयाचा नाही.

भारतातील कायद्याची स्थिती

आता इथल्या कायद्याकडे वळू. अनेक गावांतून दाते जमीन देतात ती नगरपालिकेच्या नावे बक्षीसपत्र करून, आणि त्यात ‘या जागेत बाग करावी’ असे एक वाक्य घालून. दात्याची समजूत अशी की, आता बाग कायमची झाली. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे ११ वे कलम त्याच्या वाचनात आलेले नसते. मालकी पूर्णपणे देऊन टाकली आणि वापर कसा करावा याची नुसती सूचना केली, तर घेणाऱ्याला ती सूचना नसल्याप्रमाणे वागता येते, असे ते कलम सांगते. म्हणजे दात्याने सद्‌भावनेने लिहिलेले वाक्य केवळ शोभेचे ठरण्याचा धोका आहे.

याउलट जमीन विश्वस्त व्यवस्थेच्या स्वरूपात दिली, विश्वस्त कोण, लाभार्थी कोण, हेतू कोणता हे स्पष्ट लिहिले आणि तिची रीतसर नोंदणी केली, तर महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचे संरक्षण मिळते. त्याच्या ३६ व्या कलमाप्रमाणे विश्वस्तांना स्थावर मालमत्ता विकणे, बदलणे, बक्षीस देणे वा दीर्घ मुदतीने भाड्याने देणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीवाचून करता येत नाही. वर उल्लेखिलेले ‘शक्य तितके जवळ’ हे तत्त्वही याच कायद्याच्या ५५ व्या कलमात आलेले आहे. शब्दांत फरक दोन ओळींचा, परंतु परिणामांत जमीन-अस्मानाचा.

दान नसलेल्या उद्यानांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने दिलेले दोन निकाल या संदर्भात उपयोगी आहेत. बंगळूरमध्ये राजमहाल विलास विस्तारात नगररचनेत उद्यानासाठी राखलेली जागा १९७६ साली वरून आलेल्या आदेशाने एका खाजगी वैद्यकीय संस्थेला शुश्रूषालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवले. शुश्रूषालय हे उपयुक्त असले तरी ते उद्यानाची जागा घेऊ शकत नाही, आणि उद्यान हे काही चैनीचे साधन नव्हे, असा त्याचा आशय. दाद मागण्याचा अधिकार त्या परिसरातील रहिवाशांना आहे, हेही न्यायालयाने मान्य केले. दुसरा निकाल लखनौचा. अमीनाबादमधील झंडेवाला पार्क हे गजबजलेल्या वस्तीतील आणि स्वातंत्र्यलढ्याच्या आठवणी असलेले उद्यान. तिथे महापालिकेने एका बांधकाम व्यावसायिकाशी करार करून भूमिगत बाजार बांधावयास दिला. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते बांधकाम काढून उद्यान पूर्ववत करण्याचा आदेश दिला, आणि महापालिका अशा जागेची विश्वस्त आहे, हे तत्त्व आधारास घेतले. ज्या जागा कोणी दान दिलेल्या नव्हत्या, त्यांच्या बाबतीत जर नगरपालिका विश्वस्त ठरते, तर ज्या जागेवर दात्याचा लेखी हेतू आहे तिथे तिची जबाबदारी अधिकच ठरते.

इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली असाच विचार मांडला. श्रूजबरी गावात सार्वजनिक क्रीडांगणासाठी राखलेल्या जागेचा तुकडा नगरपरिषदेने २०१७ साली घरबांधणीसाठी विकला. विक्रीपूर्वी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, ती दिली नव्हती, कारण ही जागा लोकांसाठी विश्वस्त म्हणून धरलेली आहे याचाच परिषदेला विसर पडला होता. विक्री झाली तरी लोकांचा हक्क संपत नाही, असा निकाल न्यायालयाने दिला आणि बांधकामाची परवानगी रद्द केली. कागद हरवला म्हणून हक्क हरवत नाही, हा दिलासा त्यात आहे. पण तो मिळण्यासाठी एका नागरिकाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हेही विसरता येत नाही.

दोन अवघड आक्षेप

समाजवादी कार्यकर्त्यांपुढे दोन आक्षेप येतात. ते टाळण्यासारखे नाहीत.

पहिला देखभालीचा. नगरपालिकेपाशी पैसा नाही, म्हणून बाग खाजगी संस्थेला चालवावयास द्यावी, तिकीट लावावे, असे सांगण्यात येते. ही अडचण जुनी आहे. इंग्लंडमधील डार्बीच्या जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने १८४० साली ११ एकरांचे वृक्षोद्यान नगराला दिले, परंतु देखभालीसाठी पुरेसा निधी ठेवला नाही. परिणामी आठवड्यातून दोनच दिवस प्रवेश मोफत आणि इतर दिवशी शुल्क, अशी व्यवस्था करावी लागली. त्या दोन दिवसांत रविवार होता, म्हणून सहा दिवस राबणाऱ्या कामगाराला निदान तो दिवस तरी मिळाला. तेव्हा दान घेतानाच देखभालीची तरतूद अंदाजपत्रकात कायमची करून ठेवणे, हे दान स्वीकारणाऱ्याचे कर्तव्य आहे. फाटकावर तिकीट लावणे म्हणजे लाभार्थी बदलणे होय, आणि ज्याला तिकीट परवडत नाही त्याच्यापुरते उद्यान बंदच झालेले असते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. बेघरांना घर नाही आणि समोर मोकळी जागा आहे, तेव्हा उद्यान मोठे की निवारा? मुंबईत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. मोकळ्या जागेसाठी राखलेल्या, पण झोपड्यांनी व्यापलेल्या ठरावीक आकाराहून मोठ्या भूखंडांवर ३५ टक्के जागा मोकळी ठेवून उरलेल्या भागावर पुनर्वसन करण्याची तरतूद विकास नियमावलीत आहे, आणि २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. निवारा हा मूलभूत हक्क आहे, याविषयी समाजवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. राहणाऱ्यांना हुसकून लावून बाग फुलवावी, अशी मागणी या चळवळीने कधी करू नये.

परंतु प्रश्नाची मांडणीच कशी केली जाते, ते पाहिले पाहिजे. मुंबईच्या बंद पडलेल्या कापड गिरण्यांची जमीन शेकडो एकर होती. १९९१ च्या नियमाने तिचा एकतृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी मिळावयाचा होता. २००१ साली नियमात बदल करून हा हिस्सा केवळ रिकाम्या जमिनीपुरता मर्यादित केला गेला, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. कामगारांची घरे आणि मैदाने दोन्ही जिथे होऊ शकली असती, तिथे उंच मनोरे आणि झगमगती संकुले उभी राहिली. एकदा ती जमीन हातची घालवल्यावर मग गरिबाच्या घराची आणि गरिबाच्या बागेची झुंज लावण्यात येते. या झुंजीत कोणतीही बाजू जिंकली तरी हरतो तो गरीबच. कार्यकर्त्याने प्रश्न मागे नेऊन विचारला पाहिजे की, घरासाठी जमीन नाही असे सांगणाऱ्यांनी ती आधी कोणाला दिली?

कार्यकर्त्याने काय करावे

याविषयी चार कामे सुचवण्यासारखी आहेत. पहिले, आपापल्या गावातील, प्रभागातील दानाच्या जागांची यादी करावी. सातबारा उतारा, मिळकत पत्रिका, दुय्यम निबंधकाकडील नोंद आणि नगरपालिकेचा जागा स्वीकारल्याचा ठराव, एवढे कागद मिळवावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून कायद्याने आहे, तो यासाठी वापरावा. दानाची अट अधिकार अभिलेखात नोंदलेली नसेल, तर ती नोंदवून घेण्यासाठी अर्ज करावा.

दुसरे, नवीन दान येत असेल तर दात्याला योग्य सल्ला मिळेल असे पाहावे. हेतू स्पष्ट असावा, विश्वस्त व्यवस्था असावी आणि कोणालाही मज्जाव करणारी अट नसावी. अट मोडल्यास जमीन वारसांकडे परत जाईल, असे लिहिण्याचा मोह दात्याला होतो. त्यात धाक असतो हे खरे, पण मेकनचा अनुभव सांगतो की, तीच अट उद्यान बुडवण्याचे साधन होऊ शकते. त्याऐवजी पहिला विश्वस्त चुकला तर जमीन त्याच हेतूसाठी दुसऱ्या सार्वजनिक विश्वस्ताकडे जाईल, असे लिहावे.

तिसरे, विकास आराखड्यातील फेरबदलाच्या सूचनांवर नजर ठेवावी. प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या ३७ व्या कलमाखाली आरक्षणात किरकोळ म्हणून जे बदल सुचवले जातात, त्यांच्या सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येतात, आणि हरकती घेण्यास मुदत अल्प असते. ज्या दिवशी सूचना येते, त्या दिवशी प्रभागातील माणसांना ती समजली, तर शेकडो हरकती दाखल होऊ शकतात. मुदत टळल्यावर काढलेल्या मोर्चाचे बळ निम्मे झालेले असते.

चौथे, उद्यान लोकांच्या वापरात ठेवावे. ओसाड बाग ही हडप करणाऱ्याची पहिली सोय असते. मुलांची शिबिरे, वाचनवर्ग, सभा आणि खेळ यांनी गजबजलेल्या जागेचा सौदा कोणी गुपचूप करू शकत नाही.

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला रामचंद्र रेड्डी यांनी विनोबांच्या हाती १०० एकर जमीन दिली आणि भूदानाचा प्रवाह सुरू झाला. लक्षावधी एकर जमिनीचे संकल्प झाले. त्यांतील मोठा भाग भूमिहीनांपर्यंत पोहोचलाच नाही. कोठे जमीन नापीक होती, कोठे तंट्यात अडकली, कोठे वारसांनी नाकारली, तर कोठे कागदच झाला नाही. त्या चळवळीने देणाऱ्याच्या हृदयावर विश्वास ठेवला आणि घेणाऱ्याच्या कागदाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते. ही टीका विनोबांच्या तपश्चर्येवर नाही. दान दिल्यानंतरचे काम कोणाचे, हा प्रश्न तेव्हा संघटित रीतीने हाती घेतला गेला नाही, एवढाच तिचा अर्थ आहे.

दाता एकदाच देतो. ते दान रोज राखावे लागते, आणि राखण्याचे काम दात्याच्या वारसांवर किंवा न्यायालयांवर सोपवून चालत नाही. येत्या अंदाजपत्रकी सभेपूर्वी प्रत्येक प्रभाग समितीने आपल्या भागातील एका तरी दानाच्या जागेचे कागद मिळवून तिची आजची स्थिती पक्षाच्या कार्यालयात कळवावी. तेवढे झाले तर या अभ्यासवर्गाचे सार्थक होईल.